डोक्यापासून टाचेपर्यंत

सोमवारी अकरा वाजता बाबूराव रामटेक्यांना वर्गात उभं राहून बोलायचं होतं, आणि शनिवार उजाडला तरी त्यांच्या तोंडून धड एक शब्द निघत नव्हता.

लखनौत, जानकीपुरमच्या घराच्या गच्चीवर ऊन आलं तसं कांतानं नवऱ्याला धरून वर नेलं, खुर्चीत बसवलं आणि त्यांचा उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. तो हात आता आपणहून कुठं जात नसे. मग समोर स्टूल ओढून ती बसली आणि लाल पुठ्ठ्याची वही उघडली. वहीत माणसाच्या शरीराची नावं होती. आधी डोक्यापासून टाचेपर्यंत, मग आतले अवयव, मग पचनसंस्था, श्वसनसंस्था, रक्ताभिसरण, सगळं ओळीनं, हिंदीत, बाबूरावांच्याच ठसठशीत अक्षरात.

"हे काय आहे?" तिनं त्यांच्या गुडघ्यावर बोट ठेवलं. "सांगा न जी. घु... घुट..."

बाबूरावांचे ओठ हलले. त्यांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि ओठ मिटून घेतले.

"काल तर सांगत होते!"

काल काही सांगत नव्हते. परवाही नव्हते. महिना झाला, माणूस मुका झाला होता, पण कांता आपल्याच जिवाची समजूत घालत होती, दुसरं काय करणार? शाळेचं पत्र फ्रिजवर चिकटवलेलं होतं. सोमवारी आठवीच्या वर्गाला 'मानव शरीर' हा धडा समितीसमोर शिकवून दाखवावा. जमलं तर कामावर रुजू, नाही जमलं तर सेवेस अयोग्य. पैशाचं म्हणाल तर पेन्शन मिळणारच होती, चूल काही विझणार नव्हती. पण कांता रोज सकाळी वेगळंच बघत होती. सात वाजता हा माणूस डाव्या हातानं शर्टाची बटणं लावायचा, त्याला वीस मिनिटं लागायची. मग खडूचा एक तुकडा वरच्या खिशात टाकायचा आणि दाराजवळ बसून राहायचा. गल्लीतली पोरांची ई-रिक्षा निघून गेली की खडू काढून खिडकीत ठेवायचा. सोमवारी नाही म्हटलं तर हा माणूस त्या दाराजवळच संपेल, हे कांताला सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ दिसत होतं.

आता ही वही कुठून आली ते सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथूनच आहे.

बाबूराव वर्धा जिल्ह्यातले, आर्वीकडचे. बी.एस्सी., बी.एड. झाले, जाहिरात बघून अर्ज केला आणि चौऱ्याण्णव साली लखनौला महानगर नावाच्या भागातल्या एका शाळेत जीवशास्त्राचे मास्तर म्हणून लागले. कांता तेव्हा एकोणीस वर्षांची, नववीत शाळा सुटलेली, लग्नाला तीन महिने झालेले. पहिल्याच आठवड्यात सांगाड्याचा धडा होता. बाबूरावांनी स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारली आणि बोलून गेले, "और ये है हमारा टोंगळा." विदर्भात गुडघ्याला टोंगळाच म्हणतात, त्यात बिचाऱ्याचं काय चुकलं? पण पन्नास पोरं बाकं बडवून हसली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलेलं, 'टोंगळा सर'. मुख्याध्यापकांनी बोलावून गोड आवाजात सांगितलं की रामटेके जी, ज़बान ज़रा साफ़ कीजिए, यह लखनऊ है.

त्या दिवशी बाबूराव जेवले नाहीत. संध्याकाळी लखनौतल्याच कपूरथला बाजारातून लाल पुठ्ठ्याची वही घेऊन आले, दोन दिवस बसून सगळी नावं हिंदीत उतरवली आणि कांतासमोर ठेवली.

"आजपासून तू माही परीक्षा घे. वही तुह्या हातात, मी तोंडपाठ सांगतो. अन् तोंडातून मराठी निघाली तर तिथंच टोक मले. गलत म्हण. दयामाया करू नको. शपथ घे."

कांतानं हसत हसत शपथ घेतली. रोज चहा झाला की परीक्षा. "कोपर," असं निघालं की ती डोळे मोठे करून म्हणायची, "गलत! कोहनी." "बरगडी." "गलत! पसली." चाळीसच्या चाळीस बरोबर आली त्या दिवशी तिनं गरम जिलेबी आणली होती. तिला स्वतःला वृक्क म्हणजे मूत्रपिंड कुठं असतं, अग्न्याशय म्हणजे स्वादुपिंड काय करतं, मेंदूचा डावा भाग उजवं अंग कसं चालवतो, सगळं त्या परीक्षेत पाठ झालं. नवरा मास्तर झाला आणि बायको त्याची मास्तरीण, असा तो संसार होता.

आणि मास्तर तरी कसा! दरवर्षी पहिल्या दिवशी रामटेके सर अख्ख्या वर्गाला उभं करायचे. हात डोक्यावर. सर हात लावतील तिथं हात लावायचा आणि नाव ओरडायचं, सिर, माथा, कनपटी, डोक्यापासून टाचेपर्यंत. मग सगळे खाली बसले की प्लॅस्टिकच्या धडातून यकृत काढून एखाद्या भित्र्या मुलीच्या हातात द्यायचे, "संभालिए बेटा, आपका ही है." पोरं हसायची, पण आता ती सरांना हसत नव्हती. तीस वर्षांत बाबूरावांच्या तोंडून वर्गात परत एक मराठी शब्द गेला नाही. घरातसुद्धा हळूहळू हिंदीच आली, कांताच्या तोंडी तेवढी अधूनमधून मराठी उरली. स्वप्ना, त्यांची मुलगी, मराठी समजायची, बोलायची नाही.

सप्टेंबरात भर वर्गात झालं. "हृदय में चार..." एवढं म्हणाले आणि कप्प्यासाठीचा कोष्ठ हा शब्द आलाच नाही. खडू हातातून पडला, मग सर पडले. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नाही, म्हणून उजवं अंग गेलं, आणि बोलणंही तिथंच असतं. कांता मान हलवत राहिली. तिला हे ठाऊक होतं, वहीत होतं. तिनंच कितीदा विचारलेला प्रश्न होता तो.

दवाखान्यात बोलायला शिकवायला फौजिया नावाची पोरगी होती, पंचवीस-सव्वीसची, अतिशय गोड. पहिल्याच दिवशी कागद पुढं घेऊन तिनं विचारलं, "आंटी, घर में कौन सी ज़बान बोलते हैं?"

"हिंदी," कांता म्हणाली.

का म्हणाली? तिलाच विचारा. कागद शाळेत गेला तर काय म्हणतील, असं वाटलं असेल. तीस वर्षांची सवय असेल. खोटं तरी कसं म्हणायचं, घरात हिंदीच तर होती.

दुसऱ्याच आठवड्यात फौजियानं गुडघ्याचं चित्र दाखवलं. बाबूरावांच्या कपाळावर घाम आला, मान थरथरली आणि शब्द आला, जाड जिभेचा पण आला. "टों... गळा."

खरं म्हणजे कांतानं त्या क्षणी नाचायला हवं होतं. दहा दिवस ज्या माणसानं नुसता हुंकार दिला त्यानं अख्खा शब्द काढला होता, आणि बरोबर काढला होता! पण परक्या पोरीसमोर, पांढऱ्या कोटासमोर, तोच शब्द. तिनं पटकन नवऱ्याच्या हातावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "गलत. घुटना. घुटना म्हणा."

बाबूरावांनी पुढच्या चित्राला 'कोपर' म्हटलं. "गलत." मनगट म्हटलं. "गलत." फौजिया कागदावर काहीतरी लिहीत होती. घरी आल्यावर कांतानं लाल वही काढली आणि त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ परीक्षा सुरू झाली. शपथच होती ना. शाळेत परत जायचं तर हिंदीतच जायला हवं, हे तिनं मनाशी पक्कं धरलं होतं. दिवाळीपर्यंत दिवसाला सात-आठ शब्द येत होते, सगळे चुकीच्या भाषेतले, आणि प्रत्येकाला तिनं डोळ्यात तेल घालून टोकलं. धुकं पडायला लागलं तेव्हा दोन यायला लागले. जानेवारी अर्धा सरला तेव्हा एकही नाही. दोष द्यायचा तर खुशाल द्या तिला, मी काही वकिली करत नाही. पण तिनं हे प्रेमानं केलं, आणि त्यानंच करायला सांगितलं होतं.

रविवारी तिचा तोल गेला. दुपारी गच्चीवर ती मटार सोलत होती, वही बाजूला उघडी. पन्नासदा विचारून झालं होतं. बाबूराव मान खाली घालून बसले होते, आणि तिला एकदम वाटलं की हे मुद्दाम करतायत, बोलायचंच नाही यांना. तिनं परात ढकलली, त्यांचा डावा हात धरला आणि त्यांच्याच गुडघ्यावर आपटला.

"घुटना! म्हणा घुटना! काहून बोलत नाही तुम्ही? उद्या काय सांगू मी त्या लोकांले? सांगा न, काय सांगू?"

एकदा, दोनदा, चारदा आपटला. बाबूरावांच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं, आवाज नाही, नुसतं पाणी. स्वप्ना धावत वर आली.

"मम्मी! आप पागल हो गई हैं क्या? छोड़िए पापा को!"

कांतानं हात सोडला. गच्चीभर मटार पसरले होते. ती ते एकेक करून गोळा करत राहिली, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

सोमवारी त्यांना ई-रिक्षातून महानगरला नेलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात खडू. वर्गात शेवटच्या बाकावर तिघं बसली होती, मुख्याध्यापिका निगम मॅडम, व्यवस्थापनाचे एक गृहस्थ आणि एक डॉक्टर. कांताला भिंतीशी खुर्ची दिली आणि बजावलं की आपण मध्ये बोलायचं नाही.

बाबूराव काठी टेकत टेबलापाशी गेले. फळ्याशेजारी नेहमीचा तक्ता टांगलेला होता, लाल-निळ्या नसांचा माणूस, हात पसरून उभा. टेबलावर प्लॅस्टिकचं धड. सरांनी वर्गाकडं पाहिलं. एक मिनिट गेलं. दोन गेली. कांताच्या ओठांवर सगळी वही नाचत होती, एक शब्द तरी त्यांच्या तोंडात घालता आला असता तर!

मग बाबूरावांनी काठी टेबलाला टेकवली आणि डावा हात डोक्यावर ठेवला.

चाळीस पोरं धाडकन उभी राहिली. "सिर!" हात कपाळावर आला. "माथा!" कानाच्या वर आला. "कनपटी!" सरांचा चेहरा उजळला. खांदा, कोपर, बरगड्या. ते हात लावत होते आणि वर्ग दणाणून नावं घेत होता, एक नाव चुकत नव्हतं. कांताला वाटलं, झालं, जमलं, हाच तर धडा, हेच तर शिकवणं.

"बच्चों, बस," डॉक्टर उठले. आवाज वाईट नव्हता त्यांचा. "आप लोग चुप रहिए. अब सिर्फ़ सर बोलेंगे."

वर्ग गप्प झाला. बाबूरावांचा हात गुडघ्यावर होता. तो तिथंच राहिला.

त्यांनी तोंड उघडलं. जीभ वर टाळूला लागली, ओठ गोल झाले, मानेची शीर ताणली. कांता भिंतीशी बसून बघत होती, आणि तिनं पाहिलं. तो आकार घुटन्याचा नव्हता. तो टोंगळ्याचा होता. शब्द तिथंच होता, दातांच्या मागं, पुरा, तयार. आणि मग बाबूरावांची नजर कांताकडं आली, त्या नजरेत भीती होती, आणि त्यांनी तो शब्द गिळला.

गेला नव्हता शब्द. पाच महिने तो तिथंच होता. हा माणूस तिला भिऊन तो आत दाबत होता.

"म्हणा!" कांता उभी राहिली. मध्ये बोलायचं नाही म्हणून बजावलं होतं ते ती विसरली. "अवो, म्हणा! टोंगळा! म्हणा टोंगळा, बरोबर आहे ते! तुमचं बरोबर आहे!"

"मैडम, प्लीज़," निगम मॅडम म्हणाल्या.

बाबूरावांनी मान हलवली. आधी तिच्याकडं पाहून, मग मुलांकडं पाहून. पुढच्या बाकावर एक मुलगी रडवेली होऊन उभी होती, हात अजून गुडघ्यावर. मग सर बोलले. महिनाभरानं बोलले, स्वच्छ, एकही अक्षर न अडखळता.

"गलत," ते म्हणाले. "गलत. गलत."

पाच महिन्यांत कांतानं त्यांच्या कानात जो शब्द सगळ्यात जास्त घातला होता तोच तेवढा हिंदीत रुजला होता. डॉक्टरांनी मान खाली घालून कागद भरला. निगम मॅडमनी डोळे पुसले, बाबूरावांचा हात दोन्ही हातात धरला आणि म्हणाल्या की सर, आप आराम कीजिए, बहुत पढ़ा लिया आपने. सही झाली. रामटेके सर सेवेस अयोग्य ठरले.

मंगळवारी कांता एकटी फौजियाकडं गेली. तिनं सगळं सांगितलं, टोंगळा, शपथ, वही, पहिल्या दिवशी बोललेली 'हिंदी', काही लपवलं नाही. मग फौजियानं उठून कपाटातून जुनी फाइल काढली, ऑक्टोबरचा कागद शोधला आणि कांतापुढं सरकवला. एका रकान्यावर लिहिलं होतं, निरर्थक ध्वनियाँ. त्याखाली पोरीनं कानावर आलं तसं इमानदारीनं उतरवून ठेवलं होतं.

कांतानं बोट ठेवून वाचलं. टोंगड़ा. कोपर. मनगट. पोटरी. नड़गी. बरगड़ी. घोटा. बेंबी. टाच. खुबा. फुफ्फुस.

"ये... लफ़्ज़ हैं?" फौजियानं विचारलं.

"अकरा आहेत," कांता मराठीतच बोलत होती, तिच्या ते ध्यानात नव्हतं. "अकराच्या अकरा बरोबर आहेत, बेटा."

फौजियाला आकडा तेवढा कळला, पण चेहरा वाचून बाकीचंही कळलं. तिनं तोंडावर हात धरला.

"आता होईल का? अब होगा?" कांतानं विचारलं.

पोरगी खोटं बोलली नाही. "आंटी, शुरू के तीन-चार महीने दिमाग़ सबसे तेज़ भरता है. कोई भी ज़बान चलती, जो आ रही थी उसी को पकड़ना था. अब भी करेंगे. पर जितना तब होता..."

कांता परत कशी आली ते तिलाच सांगता येणार नाही. ई-रिक्षातून उतरली आणि पैसे न देताच चालू लागली, तेव्हा चालकानं "अम्मा!" म्हणून हाक मारली. चालत असताना एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. लखनौनं त्याला एकदा हसून गप्प केलं होतं आणि तिनं त्याला रोज, दिवसातून दोनदा, प्रेमानं गप्प केलं होतं. आपणच आपल्या हातानं.

घरी बाबूराव दाराजवळ बसले होते. आज खिशात खडू नव्हता.

ती चप्पल न काढताच त्यांच्या समोर जमिनीवर बसली. "अवो, शपथ मोडली मी," ती म्हणाली. "मोडली. आता पाहिजे तसं बोला. मराठीत बोला, आर्वीचं बोला, शिव्या द्या मले." तिनं स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला. "हे डोस्कं." हात खाली आणला. "हे कपाळ. ही मान. हा खांदा." तो जुना धडा ती मराठीत घेत होती, आणि आवाज फुटत होता. "म्हणा न माह्या संगं." ते म्हणाले नाहीत. भीती बसलेली होती डोळ्यात, ती अशी एका दिवसात थोडीच उतरते? ती परत डोक्यापासून सुरू झाली. तिसऱ्यांदा सुरू झाली. रडून रडून तिला काही दिसेना. हात कुठं आहे आणि तोंड काय म्हणतंय याचा मेळ राहिला नाही, आणि गुडघ्यावर हात ठेवून ती म्हणाली, "हे कोपर."

"गलत," बाबूराव म्हणाले.

कांतानं डोळे पुसले. त्यांच्या कपाळावर आठी पडली होती. ती आठी तिनं तीस वर्षं पाहिली होती, वह्या तपासताना पडायची ती. भित्र्या माणसाची नव्हती, चुकीचं उत्तर ऐकलेल्या मास्तराची होती. ती श्वास धरून बसली. बाबूरावांनी डावा हात लांब केला, तिच्या गुडघ्यावर ठेवला, जीभ टाळूला लागली, मान थरथरली. बराच वेळ गेला.

"टों... गळा."

शब्द बोलून त्यांनी घाबरून तिच्या तोंडाकडं पाहिलं, टोकेल म्हणून.

"बरोबर, सर," कांता म्हणाली, आणि पुढच्या उत्तरासाठी पायाच्या घोट्यावर हात ठेवला.